अण्णाप्पांना कोण सांगणार?

मंगळवार, संध्याकाळ

मंजिरीच्या छोट्या कंपनीत लोखंडाचं ओतकाम करणारी एक बडी कंपनी पैसे गुंतवणार, म्हणून सकाळी हौसेने पेढे आणले. दुपारी तिने करार वाचून दाखवला. साच्याच्या वाळूतली ओल मोजणारं तिचं यंत्र तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही फौंड्रीला द्यायचं नाही. आधी बसवलेलंही काढून आणायचं.

आधी बसवलेलं एकच आहे, अण्णाप्पांच्या फौंड्रीत. या पोरीला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपलं काम थांबवून तिला मापं घेऊ दिली. मुठीत वाळू दाबून ओल ओळखणारा माणूस. "तुझं यंत्र चुकतंय पोरी, माझी मूठ न्हाय," म्हणून हसायचे. त्या मुठीवरूनच यंत्र सुधारलं. करारात ती मूठ कुठे आहे?

"आई, मोठ्या कंपन्या असंच करतात," मंजिरी म्हणाली. "सही केली नाही तर माझी चार माणसं घरी बसतील. काकांना तूच फोन कर ना. तुझ्यावर चिडणार नाहीत."

फोन हातात घेतलाही, मग ठेवला. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर चिठ्ठीवर माफी मागू देत नसत. जिला दुखावलं तिच्यासमोर उभं करत. किती राग यायचा तेव्हा.

तिला म्हटलं, सही करायची तर कर, पण आधी उद्यमनगरात अण्णाप्पांच्या फौंड्रीत जाऊन त्यांना तोंडाने सांग. मी गाडीत थांबेन.

तेव्हापासून बोलत नाही. मी चुकले का? गाडीची किल्ली मात्र तिने उद्यासाठी पर्समध्ये टाकलेली दिसली.