दिवसातून सहा चुळा

सौ. वहिनींना,

तुमच्या एकुलत्या एक दिराचा नमस्कार. (दोन्ही हात जोडले आहेत असं समजावं, एका हातात पेन आहे.) तुमचे गुडघे आता जिने चढू देतात का? दादाचा खोकला थांबला का, आणि थांबला असेल तर तो सकाळी घराला कशाने उठवतो? माझी प्रकृती उत्तम. निदान दात तरी उत्तम. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण दादाकडून तुम्हाला अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळलेलं बरं.

महिन्यापूर्वी माझी उजवीकडची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती भरली, हिरड्या साफ केल्या आणि हिरव्या औषधाची बाटली हातात ठेवून सांगितलं, सकाळ-संध्याकाळ चूळ भरा, आठवडाभर पुरे. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे (शाळेत मास्तरांनी समास सोडा म्हटलं की मी अर्धं पान सोडायचो). दोनदा चूळ भरून एवढा गुण, तर सहादा भरून किती, असा विचार करून मी लागलो कामाला. पहिली बाटली चार दिवसांत संपली, दुसरी आणली. तोंड इतकं स्वच्छ झालं की आत बोललेलं घुमायला लागलं.

पण माझं पोट तोंडावरच चालतं ना. सुपाची पाकिटं भरण्याआधी प्रत्येक खेपेतला चमचाभर माल चाखायचा आणि वहीत ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबवा’ लिहायचं, हे एकोणीस वर्षांचं काम (तुम्ही याला बसून खाणं म्हणता, तेही चूक नाही). त्या सोमवारी कांद्याचं सूप आलं. मीठ लागलं, गोडसर लागलं, कांदा मात्र दारापर्यंत येऊन आल्या पावली परत गेला. मी ‘थांबवा’ लिहिलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आमच्या कारखान्याचे मोठे आचारी बोलायला कमी आणि अंगाने दुप्पट. त्यांनी गुरुवारी कांदाही दुप्पट केला. कांदा चिरणाऱ्या बायका पदराने डोळे पुसत बाहेर येऊन बसल्या, आणि मी आत चमचा चाटून पुन्हा ‘थांबवा’.

शुक्रवारी आचारी माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. म्हणाले, “सव्वीस वर्षं झाली. हात गेला असेल तर सरळ सांगा. मी ओढत बसणार नाही.” मी म्हटलं, हाताचं मला माहीत नाही, पण कांदा लागत नाही. ते मान हलवून दुपारीच घरी निघून गेले. वहिनी, त्यांची पाठ बघून मी वही मिटून ठेवली.

मग प्रयोगशाळेतल्या बाई उठल्या. (सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात, त्यांनाही ते माहीत आहे.) त्यांनी तेच सूप कचेरीतल्या चौघांना दिलं. चौघांनाही कांदा झणझणीत लागला, एकाने तर आणखी मागितलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तोंडाला काय लावता?” मी अभिमानाने सहा चुळा सांगितल्या. त्या म्हणाल्या, “कांद्याचा काही वास बांधलेला असतो, त्याला स्वतःचा वासच येत नाही. तोंडातले जंतू ती गाठ सोडवतात, मग तो घशामागून नाकात चढतो. गिळल्यावर चव रेंगाळते ती त्यामुळे. शिवाय या औषधाने जीभही मंदावते. तुम्ही स्वतःच्याच मदतनिसांना हाकललंत.”

म्हणजे एकोणीस वर्षं मी ज्याला माझी जीभ समजत होतो, त्यात निम्मी करामत भलत्यांचीच.

मी तसाच आचाऱ्यांच्या घरी गेलो. ते खिडकीच्या काचा पुसत होते. सगळं ऐकून घेतलं, फडका पिळला, आणि म्हणाले, “म्हणजे माझा हात ठीक आहे, तुमचं तोंड बिघडलंय.” मी हो म्हटलं. “लिहून द्या.” दिलं. तो कागद आता कारखान्याच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला माझ्या सहीसकट डकवलेला आहे आणि नवीन माणसाला आधी तो वाचायला लावतात.

औषध बंद केलं. चाखायचं काम तोवर भिंगबाईंनी केलं. दहाव्या दिवशी आचाऱ्यांनी स्वतः चमचा पुढे केला. मी घोट गिळला, काहीच नाही. चमचा खाली ठेवला, आणि मग, वीसेक आकडे मोजून होतील एवढ्या वेळाने, घशामागून कांदा सावकाश वर आला. डोळ्यांत पाणी आलं. आचारी म्हणतात, कांदाच तिखट होता. असेल.

तेव्हा मी मजेत आहे, भूक कडाडून लागते आहे, एवढं दादाला सांगा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. – एवढं लांबण लावण्याचं कारण असं की तुमच्याकडे रविवारी जेवताना “भाजीत काही घालायचं राहिलं का” असं मी विचारलं, त्याला आता पाच रविवार झाले आणि तेव्हापासून बोलावणं नाही. वरील शास्त्रीय कारण ध्यानात घेऊन मला माफ करावं. या रविवारी येऊ का?

दुसरा ता. क. – दादाला तारखा पाठ असतात, म्हणून तो सांगण्याआधी मीच सांगतो. तो रविवार दाढ ठणकण्याच्या आधीचा. जंतू सगळे जागेवर हजर होते आणि भाजीत मीठ नव्हतंच. पण ती भाजी मी तीनदा मागून घेतली होती, हेही दादाला विचारा.