नील की हॅवलॉक: आमच्या भिशीची अंदमान ट्रिप

४ जानेवारी
ट्रिप फिक्स! भिशीतली चार जोडपी. लीडर अर्थातच मी. तसं कुणी म्हणालं नाही, पण न म्हणताही कळतं की.
बोटीनं बेटावर जायला एकच दिवस मोकळा आहे. म्हणजे नील किंवा हॅवलॉक. मल्लिनाथ (माझा शाळेपासूनचा जिगरी, नव्या पेठेत शेजारचंच दुकान) हॅवलॉक म्हणतो. फोटो भारी येतात म्हणे. मी नील. ती बोट लवकर पोचते असं ऐकलंय. मला स्वतःला काही नाही हो, पण बायकांना बोट लागते.
दानेश्वरीला विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली. बायको असावी तर अशी.

११ जानेवारी
सगळ्यांना सवय व्हावी म्हणून उजनीला नेलं. एका मासे धरणाऱ्या मामांची होडी ठरवली. लीडर म्हणून मी पहिला बसलो. थोड्याच वेळात उलटी. मामा म्हणाले, सायेब, होडी अजून बांधलेलीच हाय. एवढ्या मोठ्यानं सांगायचं काय कारण होतं?
दोष सकाळच्या शेंगाचटणीचा. हिनं पाठ चोळली, पण हसत चोळली. मग मला काठावर बसवून सगळे फिरून आले. ही पुढं बसली होती, पाण्यात हात सोडून. लई वेळ लावला.

१८ जानेवारी
मल्लिनाथला व्होटिंग पाहिजे. मी स्पष्ट सांगितलं, भिशीत सगळं चिठ्ठीवर ठरतं. पार्टी कुणाच्या घरी, हॉटेल कुठलं, सगळं. चिठ्ठी निघाली की कुणी ब्र काढत नाही. शेवटी तेच ठरलं. चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा माझ्याच घरी असतो. विश्वास म्हणतात तो हा.

२४ जानेवारी
आठ चिठ्ठ्या लिहिल्या. आठही नील. याला फसवणूक म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात. डबा देवघरात ठेवला. हिला बजावलं, हात लावू नकोस. तिनं मान डोलावली. गरीब गाय आहे.

२५ जानेवारी
चिठ्ठी मल्लिनाथच्या बायकोनं काढली. हॅवलॉक!
माझा कानावर विश्वास बसेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनं सगळ्यांत जोरात. बाकीच्या चिठ्ठ्या उघडा म्हणून ओरडणार होतो, पण ओरडू कसा? डबा काखेत मारून घरी आलो. बाथरूमला कडी लावून एकेक उघडली. हॅवलॉक, हॅवलॉक, सगळ्या हॅवलॉक. आणि अक्षर हिचं.
सव्वीस वर्षांचा संसार! केसानं गळा कापला की माझा. देवासमोर ठेवलेला डबा होता हो! जाब विचारावा, तर माझ्या चिठ्ठ्या तिनं वाचल्यात. रागानं जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

९ फेब्रुवारी, पोर्ट ब्लेअर
विमानात ही मल्लिनाथच्या बायकोशेजारी बसली. असू दे. आता शेवटचं हत्यार: असहकार. उद्या सकाळी जाहीर करणार, मी येत नाही. मला टाकून जातील कसे? मल्लिनाथ तर माझ्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. हातापाया पडतील. मग शांतपणे म्हणायचं, नील.

१० फेब्रुवारी, सकाळ
जाहीर केलं. मल्लिनाथ म्हणाला, बरं, आराम कर, बॅगांकडं बघ. हिनं रूमची किल्ली माझ्या हातात दिली आणि पाणी पीत राहा म्हणाली.
जेट्टीवरनं परत फिरतील. बूट घालून तयार बसलोय.

दुपार
बूट काढले.

संध्याकाळ
आले सगळे. हिचं तोंड उन्हानं लालबुंद, केसांत वाळू. इतकं बडबडताना मी हिला कधी बघितलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं, बोट सुटताना माझी आठवण तरी झाली का?
व्हय की, म्हणाली. बोटवाल्यानं विचारलं होतं, कुणी यायचं राहिलंय का, थांबू का म्हणून.
मग?
मल्लिनाथ भावजी जरा अडखळले, म्हणाली. म्हणून मग मीच सांगितलं, कुणी न्हाय, चला.