पेजेत मीठ घाल

कमळा,

तू ओढ्यावर धुण्याला गेलीस, म्हणून हे डब्याखाली ठेवून जातो. महाडच्या दवाखान्यातून आलो तो तसाच कापड्याला, विहीणबाईंच्या गावी, काशीबाईंना आणायला निघालो आहे.

आपल्या सुमेधची ग्लानी उतरली. तापात रक्तातलं मीठ फार कमी झालं, त्यानेच झटके आले, असं डॉक्टर म्हणाले. तापात मीठ नको म्हणून आपण अळणी पेज देत होतो आणि वर तांब्या तांब्या पाणी पाजत होतो, ते आता बंद. सलाईन चालू आहेच. तू पेज मीठ घालून कर आणि दुपारच्या एसटीने घेऊन जा. पाणी मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

पोर शुद्धीवर आहे का ते बघायला डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कोण रे?"

"गुरुजी," म्हणाला, आजोबा नाही. आणि लगेच, "माझी कापड्याची आजी कुठं हाय?"

अक्षरं मी गिरवून घेतली, पाढे मी शिकवले, आणि हाक काशीबाईंना! ते 'हाय'सुद्धा त्यांचंच. माझ्या हातची पेज तर थुंकलीच. वर सूनबाई म्हणते, "मामंजी, तुम्ही घासाघासाला पाढा विचारता. माझी आई नुसती भरवते."

असेल. काशीबाईंना मी एवढंच सांगणार की डॉक्टरांनी बोलावलंय. नातवाने हाक मारली हे तूही बोलू नकोस. तोच सांगेल, आणि मग त्या मला दिवाळीपर्यंत ऐकवतील.

ऐकवू देत. पेज पोटात जाऊ दे.