अंगठ्याची खाच

३ फेब्रुवारी, सकाळ
ऑर्डर आली! नवीन फाइन डाइनिंग रेस्टॉरंटच्या शेफला आपली सॅम्पल प्लेट पसंत. तशाच साठ हव्यात, पण काठावरची खाच हुबेहूब. तिच्यात चमचा टेकतो, घसरत नाही. डिझाइन अर्थात माझं. ओल्या मातीचा काठ अंगठ्याने दाबायचं काम तेवढं बायको करायची. ते काय, कुणीही करेल.
ती जाऊन तीन महिने होतील. मी सावरलोय. लोक उगाच विचारत बसतात.

५ फेब्रुवारी
आजपासून शिस्त. पहाटे उठून थेट चाकावर बसायचं. उठलो साडेआठला. अलार्म ती लावायची, त्यामुळे हा दिवस धरत नाही.

९ फेब्रुवारी
पहिली भट्टी उघडली. खाचा भल्यामोठ्या. चमचा आत लोळतो. भाजल्यावर माती आक्रसते, तशी खाचही आक्रसायला हवी. माती भिकार आहे. मातीवाल्याला फोनवर झापलं. तो म्हणाला, वहिनी कायम हीच न्यायच्या. त्याच्याशी कोण वाद घालणार. फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी
करंगळीने दाबून पाहिलं. शेफ बघून म्हणाला, कुणीतरी टोचल्यासारखं दिसतंय. गाढवाला गुळाची चव काय! वर म्हणतो, सॅम्पल ज्यांनी केलं त्यांनाच करू द्या ना. मी म्हटलं, त्या बाहेरगावी गेल्यात. कधी येणार, तर म्हटलं, वीस तारखेपर्यंत.
असं का बोललो कोण जाणे. पण बोलल्यावर बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
लेकीला बोलावून घेतलं. तिचा अंगठा आईच्या वळणावर गेलाय. भराभर काठ दाबले, खाचा बेताच्या आल्या. मग सॅम्पल प्लेटचा फोटो बघत थांबली. म्हणाली, बाबा, ही खाच दुसऱ्या बाजूला कललीय. आई डावखुरी होती ना?
माझ्या लक्षात होतंच. एवढा संसार केला, लक्षात नसेल का?
ती रडायला लागली. मला कामं होती, म्हणून भट्टी बघायला गेलो. भट्टी बंदच होती.

२१ फेब्रुवारी
शेफचा फोन. त्या आल्या का? म्हटलं, अजून थोडे दिवस लागतील. त्याचं उद्घाटन तोंडावर आलंय, कारखान्याच्या पांढऱ्या प्लेट्स घेतल्या म्हणाला. घेऊ दे. नुकसान त्याचंच. सॅम्पल परत पाठवतोय म्हणाला.

२३ फेब्रुवारी, दुपार
सॅम्पल आलं. धड आहे. त्यातच जेवलो. खाचेत अंगठा ठेवून पाहिला, उजवा, मग डावा. बसत नाही. फार आठवण येते तिची.
प्लेट घासायला घेतली आणि तशीच ठेवली. भाजलेली खाच घासून जात नाही, हे मला कळतं. आयुष्यभर हाच धंदा केलाय. तरी नाही घासली.