माशांचा जिना आणि माझी देखरेख

३ मे
कॅम्पवर पोचलो. धरण वाटलं होतं त्यापेक्षा मोठं. खोली वाटली होती त्यापेक्षा लहान.
प्रकल्प बायकोचा, पण तो कागदावर. फील्डवर अनुभवी माणूस लागतो, म्हणून मी ऑफिसातून लांबलचक रजा काढून सोबत आलो. विम्यातला अनुभव असला तरी अनुभव तो अनुभवच.
काम सोपं आहे. समुद्रातले मासे अंडी घालायला नदीतून वर येतात आणि धरणापाशी अडतात. त्यांच्यासाठी भिंतीच्या कडेनं पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना केलाय. मासे तो चढतात का, हे बघायचं. चढायचं त्यांनी, बघायचं आपण. एवढ्यासाठी बायकोला पीएचडी करावी लागली!
संकल्प: लवकर उठणे. पोहायला शिकणे. कामाच्या वेळी बायकोला 'मॅडम' म्हणणे.

४ मे
उठायला उशीर झाला. उशी नवीन. पोहणं पाणी कोमट झाल्यावर.
'मॅडम' म्हणून हाक मारली, तर बायको कोण आलंय म्हणून दाराकडे बघायला लागली.

७ मे
अजून एकही मासा चढलेला नाही. खाली घोळक्यानं थांबलेत, नुसते.
धरणाचे साहेब येऊन गेले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, जिन्यातून जातं ते पाणी म्हणजे आमची वाया जाणारी वीज. महिनाअखेरपर्यंत मासा वर गेला नाही, तर जिन्याची झडप कायमची बंद.
बायको जेवली नाही. तिचं ताट मी संपवलं. अन्न टाकवत नाही मला.

९ मे
मोठा दिवस. बायकोनं खालचे काही मासे पकडून वर कॅम्पवर आणले, भूल दिली आणि त्यांच्या पोटात गोळीएवढे टॅग बसवले. टॅगवाला मासा जवळून गेला की रिसीव्हर टिकटिक करतो. एक रिसीव्हर जिन्यात, एक वर, धरणामागच्या तलावाच्या काठाला.
इतक्यात तिला साहेबांचं बोलावणं आलं. जाताना म्हणाली, भूल उतरली की खाली नेऊन सोड. अखेर जबाबदारी योग्य खांद्यावर आली.
खाली जाणारी वाट शेवाळलेली. टबाची हातगाडी उतरेना. तलावाकडचा रस्ता मात्र सपाट, डांबरी. नदी शेवटी एकच. तलावात सोडले. मासे खूश दिसले. आमच्या ऑफिसात ह्याला ऑन-द-स्पॉट डिसिजन म्हणतात.

१० मे, सकाळ
देव पावला! तलावाचा रिसीव्हर टिकटिकतोय! सगळेच्या सगळे मासे वर!
बायकोनं मला वायरवाल्यासमोर मिठी मारली. (वायरवाला म्हणजे आमच्या बॅटऱ्या आणि रिसीव्हर सांभाळणारा तंत्रज्ञ. तुसडा आहे.) साहेबांना फोन झाला. सासूबाईंना झाला. त्या म्हणाल्या, लेक लहानपणापासूनच हुशार. मी विचारलं, आणि जावई? त्या म्हणाल्या, आवाज तुटतोय हो.

१२ मे
जिन्यातला रिसीव्हर अजून गप्प. बिघडलाय, हे मी लांबूनच ओळखलं. वायरवाल्याला उघडायला लावला. त्यानं उघडला, पुसला, बंद केला. म्हणाला, ह्याला काही झालेलं नाही. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला, अंगण अजून एकदा उघडू का?

१३ मे
साहेब उद्या वार्ताहराला घेऊन येणार. 'माशांनी मला काय शिकवलं' हे छोटंसं भाषण लिहायला घेतलं. नमनालाच दोन पानं गेली.

त्याच दिवशी, जेवणानंतर
बायको जेवता जेवता म्हणाली, जिन्यात टिकटिक नाही आणि तलावात आहे. मासे उडत गेले का? मी म्हटलं, निसर्गात काय वाट्टेल ते होतं.
तिनं विचारलं, तू सोडलेस कुठे? म्हटलं, पाण्यात. कुठल्या पाण्यात? म्हटलं, नदीच्या.
तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, अहो, धरणाच्या कुठल्या बाजूला?
लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ती 'अहो' कधीच म्हणाली नव्हती. प्रकरण गंभीर आहे.

१४ मे
तिनं साहेबांना स्वतःच सांगितलं, वार्ताहरासमोर. म्हणाली, चूक झाली, जबाबदारी माझी. तिनं माझा उल्लेखही केला नाही. मी पुढे होऊन सांगणार होतो, पण नेमका घसा बसला.
साहेब म्हणाले, मग महिनाअखेर कशाला? आठवडा देतो. तिनं एवढंच मागून घेतलं की आठवडाभर जिन्यात पाणी जरा जोरात सोडा, धार जाणवली तर मासे वाट शोधतील.
गाडी गेल्यावर ती कठड्याशी उभी राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, अगं... ती म्हणाली, आत्ता नको.
भाषण खिशातच राहिलं. घसा रात्रीपर्यंत बसलेलाच होता.

१५ मे
पुरुषासारखा निर्णय घेतला. राजीनामा लिहिला. भाषा बाणेदार.
बायकोनं उभ्याउभ्या वाचला. म्हणाली, राजीनामा कशाचा? तुला नेमलंय कुणी? तुझा पास 'कुटुंबीय' म्हणून काढलाय.
वायरवाल्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे.
मग ती हसली. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता तिथंच खुर्चीत बसली. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

१७ मे
तिनं पुन्हा मासे पकडले, टॅग लावले, स्वतः खाली नेऊन सोडले. मला टबाजवळ फिरकू दिलं नाही. मी वाटेवरचं शेवाळ खरवडलं. दोनदा आपटलो.

२० मे
गेला!
जिन्याच्या वरच्या टोकाला काचेची खिडकी आहे. तिथून बायकोची हाक आली. वायरवाला धावला, कॅम्पचा आचारी धावला. मी बूट घालत होतो. पोचलो तोवर मासा जिना चढून तलावात गेलासुद्धा. मागून आणखी येतायत म्हणे.
वायरवाल्यानं जिन्यातली टिकटिक साहेबांना फोनवरून ऐकवली. साहेबांनी आधी विचारलं, ह्या वेळी सोडले कुणी? उत्तर ऐकून म्हणाले, झडप राहू दे उघडी.
बायको काचेला कपाळ टेकून रडत होती. मी विचारलं, काय करू? म्हणाली, काही करू नकोस. थोड्या वेळानं म्हणाली, बरं, चहा कर.
केला. साखर विसरलो. तिनं सगळा प्यायला. वायरवाल्यानं ठेवून दिला.