बोलोन्यातली दुसरी खाट

८ मार्च, रविवार

इथे अमेरिकेत घड्याळं आज एक तास पुढे गेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला धापा टाकत पोचले. महिला दिन. मला पाच मिनिटं दिली होती, विषय मीच निवडलेला: आपल्या इमारती, ऑफिसं झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांची नावं आपल्याला माहीत असतात का? टाळ्या चांगल्या पडल्या. एक आजी मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, "किती मनापासून बोललीस गं." दिवसभर त्याच हवेत होते.

रात्री जेवणानंतर माझी रूममेट केतकी (के.) हिच्या आईचा व्हिडिओ कॉल. त्यांचा पुण्यात सकाळचा चहा चालला होता. वैशालीकाकू, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या. के.च्या डोक्यात महिनाभर घोळत असलेली कल्पना आज पक्की झाली. मे अखेरीस आम्हा दोघींना आठवडाभराचीच रजा. तेवढ्यात इंडियाला जायचं म्हणजे प्रवास आणि नातेवाईक. त्यापेक्षा दोघींच्या आयांना मध्येच कुठेतरी बोलवायचं. इटली. व्हेनिस नको, महाग. बोलोन्या. तिथे रस्त्यांच्या कडेने कमानींचं छत आहे म्हणे, आयांना ऊन लागणार नाही. काकू आणि आई मुंबईहून एकाच विमानाने येतील, आम्ही इथून.

काकूंनी सहज विचारलं, "मनीषा, तुझी आई काय करते गं?"

"सोलापूरला हॉटेलात मॅनेजर आहे."

जराही अडखळले नाही. काकू खूश. "अरे वा, म्हणजे आम्ही दोघी मॅनेजरच की!"

आई एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये खोल्या आवरते. चादरी, संडास-बाथरूम, जिने. त्या पगारावर आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाली, म्हणजे मी, आणि ती आज दुपारी माइकसमोर उभी राहून लोकांना शिकवत होती.

१० मार्च, मंगळवार

ऑफिसला निघण्याआधी आईला फोन. इटलीचं सांगितलं. आधी म्हणाली, "कशाला गं एवढा खर्च." मग लगेच, "थंडी असते का तिथं?" मग, "निळी साडी चालंल का, का ड्रेस घालायला लावतीस?" म्हणजे यायचं आहे. पासपोर्ट मागच्या वर्षी मीच मागे लागून काढून घेतला होता, तो घरी गेल्या गेल्या कपाटातून काढून ट्रंकेवर ठेवते म्हणाली. नुसता बघायला.

मग ते सांगावंच लागलं. "आई, मी केतकीच्या आईला सांगितलंय की तू मॅनेजर आहेस."

मागे लॉजमधल्या बादलीचा आवाज. मग हसली. "बरं. मग मालकाला सांगते, उद्यापासून मी खुर्चीत बसणार, तू जिना पूस."

मीही हसले. हसायला नको होतं.

फोन ठेवताना म्हणाली, "व्हिसाच्या कागदावर मात्र खरं लिही हां. कागदावर खोटं नको. तोंडी काय ते मी बघते."

१५ मार्च, रविवार

मी आणि के. दुपारभर लॅपटॉप घेऊन किचनच्या टेबलाशी. जर्सी सिटीत बाहेर गार वारा, आत तिचे कांदेपोहे. हॉटेल मिळालं. स्टेशनपासून चालत, छोटं, घरगुती, लिफ्ट आहे पण एका वेळी दोनच माणसं मावतील एवढी. खोल्या साध्या. पांढऱ्या चादरी, हिरव्या लाकडी खिडक्या. खिडकीतून लाल कौलं दिसतात.

मला ते लगेच आवडलं. आई आजवर हॉटेलच्या खोलीत पाहुणी म्हणून एकदाही झोपलेली नाही. तिने नुसतं पडावं आणि चादर दुसऱ्या कुणीतरी बदलावी, हे मी कॉलेजात असल्यापासून ठरवलेलं.

के. म्हणाली, "तुझ्या आईलाच दाखवू ना फोटो. त्यांचं फील्ड आहे यार." मी म्हटलं, आई आता ड्यूटीवर असेल. तिथे तेव्हा रात्र होती. के.च्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

काकूंचा मेसेज: आम्ही दोघी आया एका खोलीत, तुम्ही पोरी दुसऱ्या. आम्हाला गप्पा मारायच्यात! तसंच बुक केलं. त्या खोलीत एकच मोठा पलंग होता, म्हणून हॉटेलला मेल लिहिला की दोन वेगळ्या खाटा हव्यात. मालकीणबाईंचं उत्तर दोन ओळींचं: करता येईल, फक्त चार एप्रिलपर्यंत नक्की कळवा.

२१ मार्च, शनिवार

हे लिहावं की नाही. लिहितेच.

सकाळी चौघींचा कॉल. आईने निळी साडी नेसली होती, केस विंचरलेले, मागे शेजारच्या मावशींकडची कोरी भिंत. आमच्या घरची भिंत ओलीने फुगलीय, म्हणून फोन घेऊन तिकडे जाऊन बसली होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिने केलं.

सुरुवात छान झाली. काकू म्हणाल्या, मी मेतकूट आणि थेपले घेते. आई म्हणाली, मी शेंगाची चटणी आणते. सुटकेस केवढी घ्यायची यावर दोघी बराच वेळ बोलल्या. चाकं दोन असावीत की चार. आई मनापासून बोलत होती, मला दोघी कॉलेजमधल्या मैत्रिणी बोलतात तशा वाटल्या.

मग काकू म्हणाल्या, "दागिने, पासपोर्ट खोलीत ठेवायचे नाहीत हां. दुबईला माझे कानातले गेले. रूम आवरणारी बाई, दुसरं कोण! शोभाताई, तुम्ही तर रोज बघता. या बायकांचा हात असतोच की नाही?"

के. म्हणाली, "आई, काहीही काय बोलतेस!"

के. म्हणाली. मी नाही. मी स्क्रीनवर माझ्या चौकोनाकडे बघत होते. त्यात मी हसत होते.

आईने पदराने ओठ टिपले. "लक्ष ठेवावं लागतं," ती म्हणाली.

"बघा! मॅनेजरच सांगतायत," काकू म्हणाल्या.

मी आठवीत असताना लॉजमध्ये एका गिऱ्हाइकाची अंगठी हरवली होती. मालकाने आईला सगळ्यांसमोर पिशवी उलटी करायला लावली, जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायला लावला. अंगठी त्या माणसाच्याच बुटात निघाली. आई घरी येऊन त्या दिवशी जेवली नव्हती.

आणि आज तिला माझ्यासाठी ते वाक्य बोलावं लागलं.

२२ मार्च, रविवार

आईला दोनदा फोन. उचलला नाही. मेसेज आला: कामात आहे.

रविवारी संध्याकाळी ती कामावर नसते.

२५ मार्च, बुधवार

आज बोलली. आवाज नेहमीसारखाच.

"मने, मी येत नाही."

"सुट्टी देत नाहीत का?"

"सुट्टी मिळंल. पण विमानात त्या बाई, खोलीत त्या बाई. किती वेळ मॅनेजर राहू मी? झोपेत काही बोलले तर?" स्वतःच हसली. मग थांबून म्हणाली, "आणि त्या हॉटेलातली बाई खोली आवरायला आली, तर मी तिच्याकडं कोणत्या तोंडानं बघू?"

मी म्हटलं, "आई, सॉरी."

"सॉरी कशाला. तुला तिथं चार लोकांत राहायचं असतं. कळतं मला."

रागावली असती तर बरं झालं असतं. कळतं म्हणाली.

ऑफिसात सुझानाने माझ्या टेबलाखालची कचऱ्याची बादली रिकामी केली. तिचं नाव, तिच्या मुलीचं नाव, मुलगी कोणत्या शाळेत, सगळं मला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.

२९ मार्च, रविवार

के.ला सांगितलं. बेसमेंटमध्ये, लॉन्ड्रीत. इलॅस्टिकवाल्या चादरीच्या घड्या घालत होतो. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "तुला ही चादर इतकी सपाट कशी जमते? माझा नुसता बोळा होतो."

"आईने शिकवलं," म्हटलं. आणि मग थांबताच येईना. लॉज, स्टँड, जिने, अंगठी, सगळं.

ड्रायर फिरत होता. के.च्या हातात चादरीचं दुसरं टोक तसंच.

"मग? खोल्या आवरतात तर आवरतात. त्यात काय," ती म्हणाली. थोड्या वेळाने: "म्हणजे त्या दिवशी कॉलवर, माझी आई जे बोलली..."

"हो."

"आणि तू हसत होतीस."

"हो."

बास्केट उचलून ती जिन्याने वर गेली. लिफ्टसाठी थांबली नाही.

३१ मार्च, मंगळवार

के. पुन्हा बोलायला लागली. तिने काकूंना सगळं सांगितलं. काकू रडल्या म्हणे. त्यांनी चौघींच्या ग्रुपमधून आईचा नंबर घेऊन स्वतः फोन केला, माफी मागितली. के. म्हणाली, "माझी आई आयुष्यात कुणाची माफी मागत नाही, मनी. तुझ्या आईचीच पहिल्यांदा."

किती हलकं वाटलं. ट्रेनमध्ये उभ्याने डोळे भरून आले. खरं बोलायला एवढं भ्यायचं कशाला! आता आई येईल. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

रात्री जेवताना के. म्हणाली, "आई म्हणतेय, खोल्या बदलू या. तू आणि शोभाकाकू एका खोलीत, आम्ही दोघी दुसऱ्या. त्यांना तुझ्याजवळच मोकळं वाटेल."

छान, म्हटलं. भांडी घासताना ते पुन्हा आठवलं. कुणाला मोकळं वाटेल?

असा विचार करणं वाईट आहे. काकू रडल्या आहेत.

२ एप्रिल, गुरुवार

आई. मी काही बोलायच्या आधीच:

"तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

मी म्हटलं, आई, खरं तेच सांगितलं. तूच म्हणालीस ना, किती वेळ मॅनेजर राहू?

"मी येत नाही म्हटलं होतं. सांग म्हटलं नव्हतं. खोटं बोललीस तेव्हा मला विचारलं नाहीस. खरं बोललीस तेव्हा पण विचारलं नाहीस. काम माझं आहे ना गं? का तुझं आहे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या बाईंचा फोन आला. अर्धा तास रडत होत्या. मीच त्यांना पाणी प्या म्हटलं. त्यांचं आपलं, किती कष्ट केलेत तुम्ही, किती सोसलंत तुम्ही. सारखं तेच. आधी निदान सुटकेसचं बोलत होत्या."

मग म्हणाली, "मला सुटकेसचं बोलायला आवडत होतं, मने."

इतके दिवस मला वाटत होतं की मला आईची लाज वाटली, याचीच ही लाज आहे. तेवढंच नाही. खरं बोलले तेही मला हलकं व्हायचं होतं म्हणून. ते सगळं ओझं उचलून तिच्या फोनवर नेऊन ठेवलं आणि स्वतः ट्रेनमध्ये आनंदाने रडले. तो मंगळवारचा मजकूर वर आहे. खोडावासा वाटतो. राहू दे.

४ एप्रिल, शनिवार

हॉटेलला आज कळवायचं होतं. उठल्या उठल्या मेल लिहायला बसले. आईचं येणं रद्द, माझंही. के. आणि काकूंची एक खोली ठेवा. के.शी कालच बोलले, तिने वाद घातला नाही, फक्त म्हणाली, "एकदा त्यांना विचार तरी. यावेळी."

यावेळी.

आईला फोन केला. ती पायऱ्यांवर बसली होती, शेजारच्या मावशींबरोबर लसूण सोलत. मावशी ओरडून म्हणाल्या, "मनीषा, मला पण ने गं इटलीला, मी नुसती झोपून राहीन!" आई त्यांना गप बस म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

म्हटलं, "आई, विचारायला फोन केलाय. हॉटेलला काय सांगू?"

"काय काय ठरलंय तिकडं?"

सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खोल्या बदलायचं काकूंच्या मनात आहे, तेही. आता तू माझ्याबरोबर, आणि त्या केतकीबरोबर.

आईने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"आधी मी कुठं होते?"

"काकूंच्या खोलीत. दोन खाटा सांगितल्या होत्या, एक त्यांची, एक तुझी. खिडकीजवळची तुझी."

"त्यांनी म्हटलं, खोली बदला?"

"हो. तुला मोकळं वाटावं म्हणून, असं म्हणाल्या."

"मला मोकळं वाटावं म्हणून," आई म्हणाली. बाहेरून मावशी काहीतरी विचारत होत्या. इटलीची ती हिरवी खिडकी माझ्यासमोर स्क्रीनवर उघडी होती आणि खाली अर्धा लिहिलेला मेल.

मग ती म्हणाली, "माझी खाट काढू नका म्हणावं त्यांना. आहे तिथंच राहू दे. त्यांच्याच खोलीत, खिडकीजवळ."

"म्हणजे तू येतेस?"

"तसं सांगू नको अजून कुणाला," आई म्हणाली. "खाट राहू दे म्हण फक्त."

मेल खोडून नवा लिहिला. एका ओळीचा. पाठवला.