आम्ही म्हणे पाहुणे

नाशिक, नोव्हेंबर १९७८
मंगळवार, संध्याकाळ

आज आमचे घरमालक अण्णा घर दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आले. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. अण्णांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "हे आमचे पाहुणे." मी हसले आणि चहा टाकला. वेडीच मी.

पाहुणे? मोठी शाळेत जायला लागली तेव्हापासून आम्ही इथे भाड्याने राहतोय.

व्यापारी निघताना चपला घालत म्हणाले, "मग ताई, गावाला परत कधी?" अण्णा लगेच गच्चीचं काहीतरी बोलायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "अगं, प्रेमाने म्हणाले असतील. घरचंच मानतात आपल्याला." प्रेमाने? छप्पर गळतंय म्हणून सांगायला गेलो, तेव्हा नव्हतो ते पाहुणे.

आमच्या शाळेतल्या जोशीबाईंचे यजमान वकील आहेत. बाई परवाच म्हणत होत्या, घर विकलं तरी भाडेकरू तिथेच राहतो, भाडं फक्त नव्या मालकाला द्यायचं. त्याला कोर्टाशिवाय काढता येत नाही. पाहुण्याला मात्र 'आता निघा' म्हटलं की झालं. अण्णांना हे ठाऊक नसेल? आणि चहा कोणी केला? मी, माझ्या दुधाचा. पाहुणीने?

उद्या दोघं मोजमाप घ्यायला पुन्हा येणार आहेत. येऊ देत. चहा मीच करीन, आणि व्यापाऱ्यांच्या हातात कप देताना अण्णांसमोरच सांगीन, "घ्या. भाडेकरूच्या घरचा आहे."